चांगुणाची वाढ

भिंगारच्या कॅम्पातल्या त्या बंगल्यावर मच्छिंद्र बारा वर्षं माळी होता, आणि झाडांच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बाईसाहेबांनी मात्र त्याला पेचात टाकलं. उटीच्या नर्सरीतून त्यांनी अझेलियाचं गुडघाभर रोप आणलं आणि एक चित्रांचं पुस्तक त्याच्यापुढे उघडलं. "याचा बोन्साय करायचा. वय शंभर वर्षांचं दिसलं पाहिजे, उंची मात्र वीतभर." एवढं सांगून त्या दिवाळीला माहेरी गेल्या, त्या थेट उन्हाळ्यातच परतणार होत्या.

ते बहात्तर साल. पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. मच्छिंद्रची लेक आणि जावई शेवगावकडून ऊसतोडीला गेले आणि चार वर्षांची चांगुणा बंगल्यामागच्या खोलीत आजी-आजोबांकडे राहिली. निघताना लेक म्हणाली, "आबा, पोरगी लई हडकली हाय. मी येईस्तोवर तेवढं अंग धरू द्या तिला." ते मच्छिंद्रने मनाला लावून घेतलं. रोज पोरीपुरतं दूध तो स्वतः आणू लागला.

एका दुपारी ऊन फार झालं म्हणून त्याने कुंडी उचलून खोलीत आणली. चांगुणा उंबऱ्याशी आडवी निजली होती. तो तिला तसाच ओलांडून आत आला.

"अवं, लेकराला वलांडलं! वाढ खुंटती," साळूबाई, त्याची बायको, ओरडली. "तसंच उलटं वलांडा, कुंडी घिऊन."

"जड हाय ती. ठिवतो, मंग बघू."

ठेवेपर्यंत पोर उठून बसली होती. मच्छिंद्र हसला आणि कात्री घेऊन बसला.

काम त्याला आवडलं, हे कबूल करायला हवं. बुडातून पाच खोडं फुटली होती, त्यातलं एकच ठेवलं. केसांसारख्या मुळांचा तिसरा हिस्सा उतरवला. जुन्या मोटारीची तांब्याची तार फांद्यांना गुंडाळली आणि त्या रोज थोड्याथोड्या वाकवल्या, कारण घाई केली की ही फांदी कट्कन मोडते. नवा कोंब दिसला की तो नखाने खुडून टाकी.

संक्रांतीला पोरीला न्हाऊ घालता घालता साळूबाई थांबली.

"दिवाळीपासनं हिची नखं काढली न्हाईत मी. काढायची येळच आली न्हाई."

मच्छिंद्रने हात धरून पाहिला. नखं गोल, नीटनेटकी होती. त्याने चौकटीपाशी तिला उभं करून डोक्याच्या उंचीला चौकटीवर कोळशाने रेघ मारली. कॅम्पातल्या डॉक्टरांनी शक्तीची बाटली दिली. महिन्याभरात बाटली संपली, डोकं रेघेलाच राहिलं. केसही तेवढेच.

आता मात्र त्याला कुंडी घेऊन ओलांडलेलं आठवलं. लेकीला काय तोंड दाखवायचं?

त्याने कोंब खुडणं बंद केलं. कोंब येईनातच. पोर निजली असताना कुंडी कवटाळून तो तिला उलटा ओलांडून गेला. साळूबाईने मान हलवली. "त्याच घटकेला करायचं असतं ते."

शेवटी त्याने ठरवलं, नोकरी गेली तर गेली. सगळ्या तारा सोडवल्या, कुंपणाशी खड्डा घेतला, पालापाचोळ्याचं खत घातलं आणि रोप जमिनीत लावलं. पाण्याची मारामार होती. आपल्या अंघोळीचं पाणी तो त्याला घालू लागला.

आठच दिवसांत कोंब आले.

त्याच आठवड्यात साळूबाईने चांगुणाची नखं काढली. कोळशाच्या रेघेवर दोन बोटं डोकं गेलं. म्हातारी रडली, मच्छिंद्रने गूळ वाटला. पोर आता सकाळपासून रोपाशेजारी ओल्या मातीत अनवाणी उभी राहायची. जेवायला हाक मारली की उशिराने यायची. एवढ्याशा हट्टाला कोण अडवतंय?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लेक परतली.

"माझी बाय! केवढी झाली गं!" बोचकं टाकून ती कुंपणाकडे धावली.

चांगुणा जागची हलली नाही.

लेक तिच्या काखेत हात घालून उचलायला गेली. पोर उचलेना. लेक हसली, पाय रोवून तिने पुन्हा जोर लावला.

चांगुणा हसत नव्हती. मान वळवून तिने आजोबांकडे पाहिलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आयला सांगा ना. वढू नको म्हनावं. खालून तुटतंय."