मेणातला तुकडा

तिवस्यात मे महिन्याच्या रात्री घरात कोणी झोपत नाही. जेवणं उरकली की गच्चीवर पाणी मारायचं, ते वाळलं की अंथरुणं टाकायची आणि वारा सुटायची वाट बघत पडून राहायचं. त्या रात्री वारा रुसलेलाच होता. धर्मेंद्रकाका टॉवेलनं स्वतःला वारा घालत होते आणि त्यांची पुतणी भावना धाकट्या भावाला, नितेशला, कॉलेजातल्या गमती सांगत होती. ती अमरावतीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते.

"आज आमाले ब्लॉक दाखवले," ती म्हणाली. "गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. काड्यापेटीहून लहान असते. वर्षानुवर्षं जसाच्या तसा राह्यते."

"कोणाचे व्हते?" काकांनी विचारलं.

"कोणाचे म्हणजे? पेशंटचे. नंबर असते त्याच्यावर."

काका उठून बसले. शेजारच्या घराचा टीव्ही बंद झाला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"नंबर असते, बरोबर हाये. आता आयक. हे माह्यासंगं झालेलं नोहे, मोईजसंगं झालेलं हाये. अन् नितेश, तुले दात काढाचे असतील तर आत्ताच खाली जाऊन झोप."

काकांचं अकोल्याला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, तेव्हा मोईजचा गाळा त्यांच्या शेजारी होता. मोईज कूलर दुरुस्त करायचा. तोंडाचा फटकळ, पण हात असा की मेलेला पंप त्याच्यापुढं निमूट पाणी चढवायला लागायचा. घर त्याचं बार्शीटाकळीला. घरात आई आयशाबी आणि धाकटी बहीण तुबा. बाप लवकर गेला, तेव्हा तुबाला खांद्यावर घेऊन फिरवलं ते मोईजनंच. मोठी झाल्यावर ती मोहल्ल्यातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात भावाची टिंगल करायची. मोईजचा सगळा जीव त्या पोरीत होता.

त्या तुबाच्या मांडीत गाठ आली. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि रिपोर्टमध्ये ती कसली गाठ आहे तेच लिहून आलं नाही. लाखात एखाद्याला होते म्हणे, अशा जातीची. डॉक्टरांनी मोईजला समजावून सांगितलं. गाठीच्या पेशींवर एकेक मार्कर लावून बघायचा. त्याच्या जोडीची खूण पेशीवर असली तर तपकिरी रंग चढतो, नसली तर नाही. रंग चढला की गाठ कुठली ते कळतं, आणि कोणत्या गोळीला ती दबेल तेही कळतं. ब्लॉक अकोल्यात तपासून झाला, नागपूरला तपासून झाला, मुंबईला जाऊन आला. कुठंच रंग चढला नाही. प्रत्येक ठिकाणी त्याचे काप निघाले आणि मेणातला तुकडा झिजत झिजत नखाएवढा उरला. तोवर आजार तुबाच्या फुफ्फुसात पोचला होता. पुन्हा ऑपरेशन करून नवा तुकडा काढावा, एवढं बळ तिच्यात राहिलं नव्हतं.

अमरावतीला डॉक्टर दीक्षा नावाच्या बाई होत्या. वऱ्हाडात सापडणाऱ्या दुर्मिळ गाठींवर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांच्याकडे नवा मार्कर आला होता. "याचा रंग चढला तर गोळी आहे," त्यांनी मोईजला फोनवर सांगितलं. नाही चढला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. फक्त एक गोष्ट बजावली. "दिवसा आणू नका. या उन्हात मेण मऊ पडलं तर तुकडा हातचा जाईल. थर्मासमध्ये बर्फ भरा, त्यात ठेवा, आणि रात्री निघा. रात्री काप काढले की सकाळी रंगवायला घेता येतील."

ती रात्र दोन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेची. काकांना पक्की आठवते, कारण संध्याकाळी त्यांनीच मोईजच्या घरी खिरीचा डबा पोचवला होता. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या खाली उतरला नव्हता. तुबा कूलरपुढं खाटेवर पडली होती. हाडं आणि डोळे, एवढीच उरली होती ती.

रात्रीची, इशाची नमाज पढून मोईज निघाला. ब्लॉक प्लास्टिकच्या पुडीत, पुडी थर्मासमध्ये, वरून बर्फाचा चुरा. थर्मास पिशवीत, पिशवी छातीशी बांधलेली. दारात आयशाबीनं त्याचा हात धरला.

"त्याले एकटं ठेवू नको, बेटा. तुबाच्या आंगाचा तुकडा हाये तो. त्याच्याशी बोलत जाजो."

"अम्मी, मेणाशी काय बोलू?"

"बोलत जाजो म्हटलं ना."

मयत घरात असली की तिला रात्रभर एकटं सोडत नाहीत, तसं हे आईच्या मनात आलेलं मोईजला कळलं, आणि त्याला तिचा राग आला. पोरगी अजून जिती होती. पण आईचा शब्द. अकोला ओलांडून हायवेला लागल्यावर तो पुटपुटायला लागला. कूलरचं काय, गिऱ्हाइकांचं काय, तू बरी झाली की तुले अमरावतीले फिरवतो. स्वतःचंच त्याला हसू येत होतं.

बोरगाव मंजूच्या पुढं फोन वाजला. अम्मी होती.

"मोईज, पोरगी थरथर कापून राह्यली रे. कूलर बंद केला, दोन गोधड्या टाकल्या. दात वाजून राह्यले तिचे."

"ताप असंल, अम्मी. गोळी दे."

"ताप नाही. आंग बर्फावानी गार हाये."

रात्रीही झळा येत होत्या त्या रस्त्यावर. मोईजचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं गाडी आणखी जोरात सोडली.

मूर्तिजापूरला एका हॉटेलावर तो थांबला. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं. त्यानं रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला, पाणी ओतलं, ताजा चुरा भरायला लागला. इयरफोन कानातच होता. अम्मीनं फोन तुबाच्या कानाला लावला होता.

"भाई..."

"बोल, बेटा."

"हे काहून ओतून राह्यला माह्यावर?"

मोईजचा हात थांबला.

"काय ओतून राह्यलो?"

"बर्फ... थांबव ना. नाकातोंडात जाऊन राह्यला."

हॉटेलात गाणं चालू होतं. टेबल पुसणारा कोणाशी तरी भांडत होता. मोईज त्या उजेडात मूठभर बर्फ धरून उभा राहिला, आणि बर्फाचं पाणी त्याच्या मनगटावरून खाली ओघळत गेलं. मग त्यानं दोन बोटं थर्मासात घातली आणि पुडी बाहेर काढली. पुसली. तळहातावर ठेवून वर दुसरा हात झाकला.

फोनवर दात वाजायचा आवाज हळूहळू थांबला.

"आता बरं वाटून राह्यलं," तुबा म्हणाली.

इथं नितेश म्हणाला, "काका, योगायोग—"

"चूप," भावना म्हणाली.

मोईजनंही तेच म्हटलं होतं स्वतःला. योगायोग. आजारात पोरगी काहीही बडबडते. पण त्यानं पुडी परत बर्फात घातली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली, छातीवरच्या. बटण लावलं. गाडीला किक मारली. फोन चालूच होता.

"भाई, तुह्या छातीत किती जोऱ्यानं वाजून राह्यलं रे."

त्यानं एका हातानं खिसा झाकला.

"भिऊ नको," ती म्हणाली. "मी हावो ना इथं."

बडनेऱ्यापर्यंत ती बोलत होती. कधी स्पष्ट, कधी नुसतं हं हं. लहानपणी तो तिला खिशातून शेंगदाणे काढून द्यायचा, ते तिनं सांगितलं. खिशात अंधार आहे म्हणाली. तंबाखूचा वास येतो म्हणाली... मोईजनं तंबाखू सोडल्याचं घरी सांगितलं होतं. त्या खिशात दुपारपर्यंत तंबाखूची पुडी होती. तो रडत गाडी चालवत होता आणि वेग वाढवत नव्हता, गचका बसू नये म्हणून. पोचलो नाही तर बरं, असं त्याला वाटायला लागलं होतं. न पोचून चालणार नव्हतं.

अमरावतीला एका गल्लीत ती लॅब होती. सुट्टीमुळे इमारतीत अंधार, फक्त वरच्या मजल्यावर दिवे. डॉक्टर दीक्षा जागत बसल्या होत्या आणि त्यांचा मदतनीस गोवर्धन. भिंतभर कपाट होतं, लहान लहान खणांचं. मोईज त्याच्याकडे बघत राहिला.

"यायच्यात काय हाये?"

"ब्लॉक आहेत. तुमच्या बहिणीसारख्यांचे."

"कितीक जिते असतील यातले?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "फार नाहीत, मोईजभाई."

त्यांनी पुडी उघडली, ब्लॉक दिव्यापुढं धरला. मधोमध नखाएवढा फिकट तुकडा. "आहे," त्या म्हणाल्या. "पुरेल." आणि त्यांनी तो गोवर्धनकडे दिला. गोवर्धननं बर्फाचा ट्रे ओढला आणि ब्लॉक त्यावर पालथा घातला.

कानात किंकाळी आली.

"काढा!" मोईज ओरडला. "बर्फावरून काढा ते!"

दोघं दचकून त्याच्याकडे बघायला लागले. बाई जवळ आल्या. गार केल्याशिवाय मेण नीट कापलं जात नाही, त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कापल्याशिवाय रंग लावता येत नाही. रंग लावल्याशिवाय गोळी ठरत नाही. "तुम्ही थकला आहात. बाहेर बसा जरा."

त्यांना काय सांगणार होता तो? टेबलावर काप काढायचं यंत्र होतं, त्याला पातं होतं. उजेडात नुसती कड चमकत होती त्याची. ब्लॉक नेला घरी, तर तुबा पंधरा-वीस दिवसांची. कापला, तर...

तो जिन्यात आला.

"तुबा."

"हं..."

"आयकू येते?"

"येते. भाई... पातं हाये ना तिथं?"

त्यानं तोंडावर हात धरला.

"कापल्यावर मी वाचीन काय?"

मोईज आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोलला नव्हता. पंप गेला म्हणजे गेला, तोंडावर सांगायचा. आत कपाट होतं. तेवढे खण.

"हाव," तो म्हणाला. "वाचशील."

फोनवर खाट करकरली.

"मंग काप. पण लवकर. अन् फोन ठेवू नको."

तो आत गेला आणि बाईंना मान हलवून दाखवली.

गोवर्धननं ब्लॉक यंत्रात बसवला. चाक फिरवलं. खर्र... असा आवाज. मेणाचा पातळ काप पात्यावर आला.

कानात श्वास अडकला. सुटला.

पुन्हा चाक. खर्र.

"भाई..."

"हाये, बेटा. मी हाये."

खर्र.

"..."

"तुबा?"

खर्र.

"तुबा... बोल ना."

काहीच नाही. नुसतं कोरं. लांबून कुत्र्याचं भुंकणं, तेही बार्शीटाकळीचं. मग अम्मीचा आवाज, आणि तो असा, की मोईजनं इयरफोन ओढून फेकून दिला.

त्याच वेळी गोवर्धन म्हणाला, "मॅडम... इकडं या एक मिनिट."

कोमट पाण्यावर त्यानं कापांची पट्टी सोडली होती. पाण्यावर मेण तरंगत होतं. स्वच्छ, सगळीकडून आरपार दिसणारं मेण. त्यात काही नव्हतं. बाईंनी ब्लॉक यंत्रातून काढून दिव्यापुढं धरला. मधोमध नखाएवढी पोकळी, आणि आतून गुळगुळीत. त्यांनी ट्रे बघितला, यंत्राखाली बघितलं, गोवर्धन गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिला. शेवटी बाई वळल्या. माझ्या हातून गेला, मला माफ करा, असं काहीसं त्या म्हणत होत्या. मोईजला ते ऐकू येत नव्हतं.

उजाडता उजाडता तो बार्शीटाकळीला पोचला. अंगणात माणसं जमली होती, पाणी तापायला ठेवलं होतं. त्यानं आईच्या हातात ते पोकळ मेण दिलं. हेच तिच्यासोबत ठेवू, म्हणाला. आयशाबीनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं.

गुसल, म्हणजे मयतीची शेवटची आंघोळ, द्यायला मोहल्ल्यातली एक म्हातारी खाला आली होती. पडदा लावून बाया आत गेल्या. मोईज पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभा होता. थोड्या वेळानं खाला तोंड बाहेर काढून म्हणाली, "आयशाबी, ऑपरेशन कोणत्या पायाचं व्हतं?"

"डाव्या."

"एकडाव येऊन पाहून घे."

आयशाबी आत गेली. मग तिचा आवाज आला.

"दुसरा पाय दाखव."

मोईज वाट बघत राहिला. पडद्याआड तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि खाला दबक्या आवाजात कलमा पढायला लागली. दोन्ही मांड्या कोऱ्या होत्या. टाक्यांची रेघसुद्धा नव्हती.