मोठ्या मशीनवरची पत्रिका

नंदकिशोरचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि बालाघाटात कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देणारं पहिलं दुकान मात्र त्याचंच. पुढच्या खोलीत दुकान, मधे पडदा, पडद्यामागे बायको पुष्पलता आणि एकुलती एक लेक मधुवंती. "लोकायले ग्रह पाह्यजेत, मले गणित पाह्यजे," असं तो म्हणायचा. गणितही दांडगं होतं. जन्मवेळ टाकली की एकशेवीस वर्षांच्या साऱ्या दशा मशीन दळत बसायचं. चहाचा कप रिकामा होईतो पत्रिका तयार.

दोन हजार एकचा उन्हाळा होता. छत्तीसगड वेगळं झालं आणि वीजही जणू त्याच्याच मागं माहेरी गेली. दुपारी लाइन कधी जाईल याचा नेम नव्हता.

त्याच दिवसांत त्यानं नागपूरच्या भंगारातून एक जुना सर्व्हर उचलून आणला. धान्याच्या कोठीएवढं धूड, पोटात एकाऐवजी दोन प्रोसेसर. टेबलावरचा पेंटियम थ्री त्यापुढे पोरगेला दिसायचा. पण वेगात पेंटियम दुप्पट. सर्व्हरचे प्रोसेसर म्हातारे, फक्त त्यांची कॅश मोठी, म्हणजे लागणारे आकडे हाताशी ठेवायला जागा जास्त. मग सरस कोण? हातच्या कांकणाला आरसा कशाला! एकच पत्रिका दोन्हींवर लावायची आणि घड्याळ धरायचं. दुकानात जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका साठवलेल्या होत्याच.

टेबलावरच्या मशीनला सगळ्यांसाठी सारखाच वेळ लागला. लागणारच. राजा असो की रंक, बेरजा तेवढ्याच. सर्व्हर किंचित मागे पडला, तेही अपेक्षेप्रमाणे. पण मधेच एखादी पत्रिका तो बटण दाबताच पुरी करायचा. आकडे तंतोतंत बरोबर, आणि वेळ मात्र शून्य.

नंदकिशोर चिडला. त्यानं धूळ झटकली, पंखा बदलला, एक प्रोसेसर काढून पाहिला. त्याच पत्रिका पुन्हा तशाच झटक्यात झाल्या.

हिरालाल मास्तर रिटायर झाल्यापासून रोज दुकानात पेपर वाचायला यायचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणाकोणाच्या पटकन होऊन राह्यल्या?"

नंदकिशोरनं नावं सांगितली. मास्तरांनी पेपरची घडी घातली.

"हे तं सारे मेलेले लोक आहेत, बावा."

"मशीनले काय माहीत, मास्तर?"

"मले काहून इचारता? मशीन तुमची."

नंदकिशोर हसला. योगायोग म्हणून त्यानं तो विषय झटकून टाकला. उलट गिऱ्हाइकांना तो गमतीनं सांगू लागला, की मोठ्या मशीनवरची पत्रिका जास्त पक्की निघते. दोन्हींतून एकच कागद निघतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बालाघाटात जे मोठं ते खरं. लोक तीच मागू लागले.

समोरच्या पानठेल्यावरचा महागूही आला. "माही पण मोठीवरच लावा जी." नंदकिशोरनं लावली. महागू ठेल्यावर परत गेला, आणि पत्रिका अर्ध्यात असताना लाइन गेली, यूपीएसची जुनी बॅटरीही टिकली नाही. काही वेळानं आली. त्यानं महागूची जन्मवेळ पुन्हा टाकली, बटण दाबलं.

झटक्यात झाली.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग बाहेर गलका ऐकू आला. महागू ठेल्याच्या फळीवर पालथा पडला होता. बोटांना चुना तसाच ओला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. उन्हाळ्यात होतं असं.

नंदकिशोरनं त्या दिवसापासून सर्व्हरवर चादर टाकली. पत्रिका अर्ध्यात तुटली आणि तेवढ्यात माणूस गेला, हे त्याच्या डोक्यातून जाईना; पण घरात त्यानं सांगितलं नाही. सांगणार काय, डोंबल? लोक म्हणाले असते, पत्रिका काढता काढता याचंच डोकं फिरलं.

तिरोडीचे पाहुणे रविवारी मधुवंतीला बघायला येणार होते. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली होती. नंदकिशोर म्हणाला होता, "भरवेलीहून आलो की टेबलावरच्या मशीनवर काढून देतो." तिकडे एक मॉनिटर पोचवायचा होता. तो दुपारी परतला, तेव्हा चादर खाली पडली होती आणि सर्व्हर घुमत होता.

मधुवंती समोर बसली होती.

"आई म्हणे पाहुण्यायले मोठीवरचीच द्या. मी लावून राह्यली, बाबा. येते मले."

बंद करावं तर अर्ध्यात तुटणार. चालू ठेवावं तर लाइनचा भरवसा नाही. काम किती झालं ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ अर्ध्याच्या पुढे सरकली होती.

"हात नको लावू," तो म्हणाला.

"काहून?"

पंखा थांबला. लाइन गेली.

यूपीएस टिटी करू लागला. जुनी बॅटरी. रेघ सरकत होती. त्यानं मधुवंतीचं मनगट घट्ट धरलं. आयुष्यात कधी देवापुढे हात न जोडलेला माणूस, मनातल्या मनात गयावया करू लागला.

स्क्रीन काळी झाली.

तिच्या मनगटात नाडी उडत होती.

"बाबा, दुखून राह्यलं नं!" मधुवंती हसली. "एवढं का झालं? लाइन आली की पुन्हा लावू."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. किती मूर्ख आपण! महागूला हार्टच झालं होतं. मधुवंती त्याची थट्टा करत आत गेली.

संध्याकाळी लाइन आली. मनात कसर राहू नये म्हणून त्यानं तिची जन्मवेळ टाकली आणि बटण दाबलं.

झटक्यात झाली.

त्यानं पुन्हा लावली. तेच.

मशीन बिघडलं. दुसरं काय? पण एका मापानं काही सिद्ध होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? त्यानं स्वतःची जन्मवेळ टाकली. मशीन घुमू लागलं. संथ. रेघ पुढे सरकत राहिली, नेहमीइतका वेळ घेऊन शेवटाला पोचली.

मशीन ठीक होतं.

दुकानाच्या दारातून पुष्पलता भाजीची पिशवी घेऊन आत आली. तिनं चपला काढल्या आणि अंधाऱ्या घराकडे पाहिलं.

"मधू कुठं गेली? आत दिवा नाही लावला अजून."

पडद्यामागून कपबशीचा आवाज आला.

"बाबा, चहा मांडू का?"

पुष्पलतानं तिकडे मानही वळवली नाही. पिशवी टेबलावर ठेवून ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. उत्तराची वाट पाहत.

"अहो, मी तुमाले इचारून राह्यली. मधू कुठं गेली?"