बूरसोकचा उपास

"दोन वर्षांचा आहे. कालपासून काही खात नाही... लाळ गळतेय. एखादं अँटिबायोटिक द्या ना."

बाहेर बिश्केकची ऑक्टोबरातली रिपरिप चालू होती. माझ्या औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या त्या उंच माणसाच्या पापण्यांवर पीठ होतं. पावसानं त्या पिठाची खळ झाली होती, तरी डोळे मात्र... जाऊ दे. मी रागावले होते.

"दोन वर्षांचं लेकरू कालपासून उपाशी, आणि तुम्ही आत्ता येताय? त्याची आई कुठाय?"

"आई... असेल कुठेतरी. आम्ही बाजारातून आणला ना त्याला."

रांगेतल्या आजीबाईंनी छातीवर हात ठेवला.

"वजन?" मी कसंबसं विचारलं.

"आठशे ग्रॅम."

त्यानं जाकिटाची चेन उघडली. आतून एक तपकिरी-पांढरं तोंड बाहेर आलं. गिनिपिग! आमच्याकडच्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा, बूरसोकसारखा गोल, आणि नावही बूरसोकच.

मला हसू फुटणार होतं, पण त्याची हनुवटी ओली दिसली. केस पिंजारलेले, पाठीला पोक. मी चौथीत असताना माझा गिनिपिग मिश्का असाच बसला होता. बाबांनी त्याला आमच्याच औषधातली अर्धी गोळी दिली आणि तीन दिवसांत तो गेला.

"माणसांची गोळी मी देणार नाही," मी म्हणाले. "यांना त्यातल्या काही गोळ्या विषासारख्या असतात. शेवटची लेंडी कधी टाकली?"

तो लाजला. "मुलींनी मला आजवर बरंच काही विचारलंय, पण हे..."

"थट्टा नको. यांनी दिवसभर खाल्लं नाही तर आतडी थंड पडतात. चला, आत्ता प्राण्यांच्या डॉक्टरकडे."

'चला' का म्हणाले, कोण जाणे. दाराला 'एका तासात येते' अशी पाटी लावली. खचाखच भरलेल्या मिनीबसमध्ये आम्ही दोघं आणि मध्ये बूरसोक. त्याचं नाव तिलेक. पलीकडच्या गल्लीत तंदूरवर पहाटेपासून नान लावतो. गिनिपिग त्याच्या आईचा, म्हणजे अपांचा. अपा गुडघ्यांसाठी महिनाभर इसिक-कुल सरोवराकाठच्या आरोग्यधामात गेल्या होत्या.

"याला काही झालं तर अपा मला घरात घेणार नाही," तो म्हणाला. मग हळूच, "आणि मलाही... आवडतो हो हा."

डॉक्टर लुदमिलानं तोंडात बॅटरी मारली. दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. भूक असून चावता येत नव्हतं. दाढा घासून झाल्यावर तिनं बजावलं, "दर तीन तासांनी चाऱ्याची पेज, बिनसुईच्या सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थेंब थेंब. समोर सतत सुकं गवत. रोज वजन. नवरा-बायको पाळ्या लावून घ्या."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि कुणीच तिची चूक सुधारली नाही.

तिलेक तंदूरवर असायचा म्हणून सकाळच्या पाळ्या माझ्या. तो बूरसोकला टोपलीत घालून आणायचा. "काल सातशे नव्वद होता... आज सातशे ऐंशी," तो सांगायचा. मी काउंटरमागे पेज भरवायची. निम्मी बूरसोकच्या पोटात जायची, निम्मी माझ्या नाकावर.

"बेगिमाय, इथे..." दुपारी तिलेक बोटानं आपलंच नाक दाखवायचा.

"पुसा की मग."

"पुसतो. पण बघणारे आहेत."

तिसऱ्या दिवशीही टोपलीत एकही लेंडी नाही. अकरा वाजता बूरसोक डोळे मिटून पडला. पेज घेईना. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मांडीवर घे, पोट हळू चोळ, अन् मग लगेच घेऊन ये." मी चोळत राहिले. मिश्काशी बोलले नव्हते तेवढं त्याच्याशी बोलले. पाटी लावायला उठणार, तोच मांडीवर काहीतरी घरंगळलं. एक. मग दुसरी. मग तिसरी! आणि साहेबांनी मान वळवून गवताची काडी ओढली.

मी फोनवर किंचाळले, "तिलेक, तीन! तीन पडल्या!"

तो ॲप्रनसकट धावत आला. दोन गिऱ्हाइकं थिजून उभी. त्यानं तिन्ही लेंड्या मोत्यांसारख्या तळहातावर घेतल्या, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आता हा बरा होईल. मग मी इथे यायचं तरी कशाला? कारण सुचेना म्हणून खरं सांगतो... मला तुमच्यासाठी यायचंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि पिठाळ बोटानं चुकून स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"तिलेक!" अपांचा आवाज दुकानभर घुमला. "बूरसोक खातोय ना?"

"खातोय, अपा. आजारी होता. बेगिमायनं वाचवला."

"बेगिमाय कोण?"

बूरसोक कुरुकुरु चावत होता.

"अपा... अजून तिनं काही सांगितलं नाहीये."

"मग वाट कसली बघतोयस, गाढवा? मी रविवारी परत येतेय. जेवायला बोलव तिला." फोन बंद.

तिलेकनं माझ्या नाकावरची पेज पुसली. आणि 'तुम्ही' सोडून पहिल्यांदाच म्हणाला, "येशील?"

"येईन," मी म्हणाले, इतक्या घाईनं की दोन्ही गिऱ्हाइकं हसली.