लायनीतली हवा

यासीनच्या कानाची ख्याती मलकापूरपासून पार कवठे महांकाळपर्यंत होती. उगाच नाही सांगत. फरशीखाली पाइप गळायला लागला की बाकीचे प्लंबर अख्खा हॉल उकरून ठेवायचे. हा गडी एक लोखंडी सळई फरशीवर टेकवायचा, वरचं टोक कानामागच्या हाडाला लावायचा आणि खडूनं एक फुली मारायचा. तिथंच फोडायचं, तिथंच सापडायचं. त्या कानावरच त्याचं नाव उभं होतं.

म्हणून लालासाहेबाचा फोन आला तेव्हा त्याचं डोकं सणकलं. "आठ वर्सांपूर्वी तूच टाकलेली लाइन गळतीय. आजच्या आज ये, न्हाईतर तालुक्यात तोंड दाखवायला जागा ठेवणार न्हाई." भर दुपारी यासीन कवठ्यात त्याच्या दारात उभा राहिला.

हॉलच्या मधोमध ताटाएवढा ओला डाग होता. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत शेवाळाचा, बंद पडलेल्या आडाचा वास. लालासाहेबाची म्हातारी आई, हरणाबाई, खाटेवर बसून त्या डागाकडं बघत होती.

"कितीबी पुसलं तरी येतंय," ती म्हणाली. "आमच्या सुलीला..."

"आये, गप बस," लालासाहेब म्हणाला.

सुलाबाई म्हणजे लालासाहेबाची बायको. आठ वर्षांपूर्वी लोणंदला जाऊन कुणाबरोबर तरी रेल्वेनं पळाली, असं लालासाहेबानं गावाला सांगितलं होतं. गावानं मान डोलावली होती. बाईबद्दल असलं काही ऐकलं की गाव लगेच मान डोलावतं.

यासीननं टाकीत पाणी येणारा वॉल आणि घरातले नळ बंद केले, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ ओढली आणि तासभर थांबला. पाणी रेघेवरून केसभरही हललं नाही. डाग मात्र ताटाचा परातीएवढा झाला होता.

"माझी लाइन चोख हाय," तो तडकून म्हणाला. "फोनवर काय काय बोललात मला."

"मग फरशीला काय घाम सुटलाय?"

यासीननं पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली आणि सळई कानामागं लावली.

टक. टक टक.

हा आवाज त्यानं ऐकला होता, इथंच, काँक्रीट घालायच्या दिवशी. घर वाढवताना परसातला जुना आड हॉलच्या आत आला होता. मुरूम टाकून बुजवलाय, असं लालासाहेबानं सांगितलं होतं. वरून लोखंडी पाइप टाकला, पाणी सोडलं आणि पाइप वाजायला लागला. "ते काय रं?" लालासाहेबानं विचारलं होतं. यासीनच्या हातात चहाचा कप. सळई चार पावलांवर भिंतीला टेकलेली. ती उचलायचासुद्धा त्याला कंटाळा आला. "हवा धरलीय लायनीत," तो म्हणाला. "दोन दिसांत जाईल."

"मग घाल काँक्रीट," लालासाहेब म्हणाला होता.

आता यासीननं बोटाच्या पेरानं फरशीवर दोनदा वाजवलं. खालून दोनदा उत्तर आलं.

"लालासाहेब, आड बुजवला व्हता का?"

"तू पाइपाचं बघ."

"बुजवला व्हता का?"

हरणाबाई खाटेवरून हळू बोलली. "न्हाई बुजवला. नुसत्या फळ्या टाकून वर मुरूम पसरला. त्यानं तिला ढकललं, मी बघितलं... आन् गप बसले. फोड रं लेकरा."

"आठ वर्सं गप बसलात, मावशी. तुमच्या जिभेला काय झालं व्हतं?" यासीन म्हणाला आणि घण उचलला. लालासाहेबानं त्याचा हात धरला. यासीननं त्याला असा ढकलला की तो दारात जाऊन पडला, आणि उठला तो बाहेरच पळाला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला एसटी स्टँडवर धरला.

काँक्रीट फुटलं. खालच्या फळ्या कुजल्या होत्या. बॅटरी मारली तर आड ठणठणीत कोरडा, तळाशी धूळ, धुळीत हाडं आणि हिरव्या बांगड्या. पाइपातून एक थेंब गळत नव्हता. पण दोन फळ्यांच्या फटीत, खालच्या अंगानं तो वीतभर ठेचून ठेचून चेपला होता. शेजारीच, आडात उतरायच्या सगळ्यात वरच्या खोबणीत, एक दगड ठेवलेला होता. त्याचं एक टोक झिजलं होतं. बाई वरपर्यंत चढून आली होती.

लोक म्हणाले, काय कान आहे यासीनचा, खून शोधला. जो म्हणेल त्याच्यावर यासीन खवळायचा. सळई त्यानं माळ्यावर टाकली.

पावसाळा सरता सरता मलकापुरातले एक मास्तर अडून बसले. पाइप कुठंतरी गळत होता, पण नवी फरशी उगाच फोडायची नव्हती; सळई लावूनच जागा सांग, म्हणाले. यासीननं सळई काढली, पुसली, मोरीपाशी टेकवली.

या खेपेला टकटक नव्हती. बोलणं होतं. शब्द त्याचे, पण बाईच्या आवाजात, धापा टाकत.

"हवा धरलीय लायनीत... दोन दिसांत... जाईल..."

"काय ऐकू येतंय?" मास्तरांनी विचारलं.

यासीननं सळई खाली ठेवली आणि कानामागं हात लावला. सगळी बोटं ओली झाली. मास्तरांची फरशी कोरडी होती.