शेलकड्याचा दरवाजा

तांबडं फुटलं तेव्हा गडाच्या दरवाजातूनच बंदराकडे उतरणारी शेलकड्याच्या तटाखालची घाटवाट लमाणांच्या बैलांनी भरून गेली होती; पाठीवर वऱ्हाडी कापसाच्या गोण्या, आणि पुढे बंदरात त्या कापसाची वाट पाहणारी टोपीकरांची गलबतं.

किल्लेदारीण तुळजाबाई निंबकर सज्जातून पाहत होत्या. पतीच्या मागे गडाची शिबंदी त्यांच्या शब्दावर चाले. गडाखालच्या पेठेत कोष्ट्यांचे माग कापसावाचून बंद पडले होते. राज्याचे कारभारी त्रिंबकपंत यांनी टोपीकरांशी गुपचूप करार केला होता: कच्चा कापूस बंदरात बिनजकात जाईल, त्यांचं कापड बिनजकात येईल, जकात द्यायची ती पेठेच्या लुगड्यांनी, तीही नाक्यानाक्यावर.

आज पंत जातीनं दरवाजाशी आले होते, मागे बंदूकधारी गारदी.

“बाईसाहेब, दरवाजा उघडा. सरकारचा हुकूम आहे.”

“सरकारचा, की आपला? शिक्का उठवण्यापूर्वी महाराजांना ही पेठ दाखवली होती?”

“कोष्ट्यांचं काय, दुसरीकडे राबतील!”

“गडाला वेढा पडला तेव्हा ज्या पेठेनं जखमींसाठी नेसूची वस्त्रं फाडली, तिला उपाशी ठेवून मी टोपीकरांचं कापड नेसू? या दरवाजातून बोंडभरही कापूस जायचा नाही, पंत!”

पंतांनी खूण करताच बंदुका रोखल्या गेल्या. तरी तुळजाबाई जिना उतरल्या, दरवाजातल्या छोट्या दिंडीतून बाहेर आल्या आणि वाट अडवून उभ्या राहिल्या. तटावर शिबंदीनं तोफांचे पलिते पेटवले.

“हरजी नायक,” त्या तांड्याच्या म्होरक्याला म्हणाल्या, “माझ्या अंगावरून बैल हाकणार असाल, तर हाका.”

हरजीनं पंतांकडे पाहिलं, मग म्होरक्या बैलाची वेसण धरून त्याला पेठेकडे वळवलं.

“पंत, हे पाप आमचे बैल करायचे नाहीत.”

अख्खा तांडा त्याच्यामागे वळला. वर तोफा, पुढे रिकामी वाट; पंतांनी गारद्यांना बंदुका खाली घ्यायला लावल्या. पेठेनं तो कापूस रास्त भावानं घेतला.

पुढे दरबार भरला.

“हुकूम मोडल्याची माफी मागा,” महाराज म्हणाले, “किल्लेदारी राहील.”

“माफी मागितली, तर दरवाजा अडवला तो गुन्हा ठरेल, महाराज.” त्यांनी गडाच्या किल्ल्या गादीसमोर ठेवल्या, पण मान लवली नाही.

महाराजांनी किल्लेदारी काढून घेतली आणि त्याच बैठकीत पंतांचा करारही रद्द केला. जकात आता बाहेर जाणाऱ्या कापसावर बसली, पेठेच्या कापडावरची उठली.

तुळजाबाई पायीच पेठेत परतल्या. भर दुपारी घरोघर माग खडखडत होते. त्यांच्या स्वागताला कुणीच उठलं नाही. हातातला धोटा खाली ठेवायला कुणाला सवड नव्हती. त्या कितीतरी वेळ रस्त्यातच उभ्या राहून ते पाहत राहिल्या.