तिसरा डंप

"ती फाइल पुसली?" त्याने स्क्रू फिरवता फिरवता थांबून विचारलं.

"पुसली," ती म्हणाली. "एवढी अगडबंब फाइल, अर्धी डिस्क खाऊन बसलेली. मला पसारा सहन होत नाही."

चष्म्यांच्या दुकानावरच्या त्या दुरुस्तीच्या खोलीत ती पहिल्यांदाच आली होती, तीही जिना चढून, काँप्युटर कडेवर घेऊन, धापा टाकत. दुरुस्तीवाला तिच्याच वयाचा निघाला. बाह्या दुमडलेल्या, चेहरा गंभीर, आणि बोलणं असं की हवामानाचा अंदाज सांगतोय.

"तो पसारा नव्हता हो. मशीन कोसळतं तेव्हा त्या क्षणी मेमरीत जे काही चाललेलं असतं ते एका फाइलीत ओतून ठेवतं. त्याला डंप म्हणतात. कुणामुळे पडलं ते त्यातून कळतं. तुम्ही साक्षीदारालाच घालवून दिलंत."

"साक्षीदार असा पथारी पसरून बसतो, हे मला काय माहीत?"

तो हसला नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला. तिने तो बघितला.

टापटिपीचं तिचं वेड घरात प्रसिद्ध होतं. दादा तिला केरसुणी म्हणायचा. शाळेच्या पुस्तकांची पानं जुळवायचं काम ती घरून करायची, आणि हे मशीन निळा पडदा दाखवून मधेच मान टाकायचं. न साठवलेली पानं तेवढी जायची. ती निमूटपणे डंप पुसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

त्याने सेटिंग बदलून दिलं. "आता मोठा डंप नाही, छोटे छोटे बनतील. जागा खाणार नाहीत. पडलं की ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि घेऊन या. आणि मोठा डंप कधी बनलाच तर कुणाच्या हाती देऊ नका. तुम्ही काय लिहीत होतात, कुठला पासवर्ड टाकलात, सगळं त्यात असू शकतं."

"तुम्हाला पण नाही द्यायचा?"

"मला तर मुळीच नाही," तो म्हणाला आणि उगाचच स्क्रू मोजू लागला.

पहिला डंप घेऊन ती गेली तेव्हा त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि फाइल कशी वाचायची ते दाखवलं. आकड्यांच्या जंगलातून त्याचं बोट एका नावावर थांबलं. "हा संशयित. पण एकावरून आळ घेणं बरं नाही. अजून एक येऊ दे." दुसऱ्या डंपाच्या वेळी त्याने चहा मागवला. फाइल बराच वेळ पाहिली, चहा निवला, आणि तो म्हणाला, "अजून एक... येऊ दे."

तिसऱ्यांदा मशीन पडलं तेव्हा भूगोलाचा अख्खा धडा गेला, नकाशांसकट. ती रडकुंडीला येऊन जिना चढली. तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने तिथल्या तिथे निकाल दिला. दादाने कधीच फेकून दिलेल्या स्कॅनरचा जुना ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, अजून मशीनमध्ये ठाण मांडून बसला होता. तो काढला, आणि मशीन गुणी बाळासारखं चालू लागलं.

इथेच पंचाईत झाली.

मशीन पडेना, म्हणजे तिला जिना चढायला कारण उरेना. कामात मन लागेना. "मशीन सुधारलं आणि तू बिघडलीस," दादा म्हणाला. ती त्याच्यावर खेकसली, पण बोलणं वर्मी लागलं होतं. तो माणूस तिला आवडला होता. त्याचं न हसणं आवडलं होतं, निवलेला चहा आवडला होता. आणि त्याच्या लेखी ती एक मिटलेली तक्रार होती.

शेवटी तिने एक जुना डंप घेतला, नाव बदललं, तारीख ताजी केली आणि दुकान गाठलं.

"परत पडलं?" त्याच्या आवाजात काळजी होती. तिला ओशाळल्यासारखं झालं.

"काल. दुपारी."

त्याने फाइल उघडली. मग ती वरपासून पुन्हा वाचली. कोपऱ्यातला पंखा घरघरत होता.

"नक्की काल?"

"अहो, माझ्या डोळ्यांदेखत!"

त्याने पडदा हलकेच तिच्याकडे वळवला. "नाव बदलता येतं. वरची तारीखही बदलता येते. पण पडतानाचा दिवस आणि वेळ मशीन फाइलीच्या आत लिहून ठेवतं... हा मागच्या महिन्यातला आहे."

तिचा चेहरा उतरला. पेनड्राइव्ह उचलून निघून जावं असं वाटलं. गेली असती तर पुन्हा या जिन्यावर पाऊल टाकायचं धाडस झालं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मशीन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मलाच यायचं होतं. तुम्ही आवडता मला. कारण सापडत नव्हतं, म्हणून... बनवलं."

हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने टेबलावर ठेवला.

"माझंही एक ऐका. संशयित दुसऱ्या डंपातच पक्का झाला होता."

"मग तिसरा कशाला मागितलात?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ताडकन उठली. "माझा भूगोलाचा धडा गेला त्यात! नकाशे होते! दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता माझ्या!"

"माहीत आहे. त्या दिवसापासून मलाही झोप नाही. तुमचा नंबर रोज काढतो आणि ठेवून देतो. कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?"

राग तर खराच आला होता. पण तो मान खाली घालून, शिक्षेची वाट बघत, इतक्या सरळपणे उभा होता की रागाला धड उभंच राहता येईना.

"रविवारी घरी या," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या धड्यात नद्यांची आठ खोरी आहेत. एकेक ओढा हाताने काढायचाय. तुम्ही काढायचा. मी शेजारी बसून चुका दाखवणार."

"आणि घरी कोण म्हणून सांगाल?"

"तुमच्यापायी धडा बुडाला ते आधी सांगेन," ती म्हणाली. "आई चांगली झाडेल तुम्हाला. त्यानंतरही बसून राहिलात, तर बाकीचं सांगेन."

"बसेन," तो म्हणाला, आणि या वेळी पूर्ण हसला.