सिमेंटच्या अंगणाला तहान नसते

पेणमधल्या त्या उताराच्या गल्लीत सगळे गणपतीचे कारखाने, आणि सगळ्यात खाली शाल्मलीच्या बाबांचा. श्रावणातली एक सर काय आली, पाणी चक्क उंबरा ओलांडून आत! खालच्या फळीवरच्या दोन मूर्तींचे पाय विरघळून गेले. शाडू म्हणजे कच्ची माती, पाणी लागलं की संपलंच. अजून शेडभर मूर्ती वाळत होत्या. पुन्हा पाणी शिरलं तर बाबांची वर्षभराची मेहनत चिखलात जाणार होती.

"पाऊस वाढलाय, दुसरं काय!" बाबा म्हणाले.

"चूक!" गटारातून आवाज आला. जाळी उचलून नगरपालिकेचा यंत्रमानव वर आला. नाले तपासणं हे त्याचं काम. आठ पाय, दोन नांग्या, म्हणून पोरं त्याला खेकडाच म्हणत. आणि आगाऊ असा, की कुणी विचारो न विचारो, हा बोलणारच. "गेल्या श्रावणातही अशाच सरी पडल्या होत्या. मी मोजल्यात."

"मग जास्तीचं पाणी आलं कुठून?" शाल्मलीने विचारलं.

"दोन तांबे पाणी आण, सांगतो."

एक तांब्या त्याने जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला. मातीने तो गटागटा पिऊन टाकला. दुसरा अंगणातल्या नव्याकोऱ्या सिमेंटवर ओतला. पाणी थांबतंय कशाला? वाटेतला सोनेरी रंग आणि स्कूटरचं तेल सोबत घेऊन ते थेट गटाराकडे पळालं.

शाल्मली उडालीच. "अरे! म्हणजे पाणी वाढलंच नाही! आधी मुरायचं, ते आता पळतंय!"

"शाब्बास! यालाच अपधाव म्हणतात (जमिनीत न मुरता वाहून जाणारं पावसाचं पाणी). सगळ्या अंगणांचं पाणी एकदम धावतं, गटाराला पेलवत नाही, मग ते तुमच्या घरात शिरतं. आणि जाताना गल्लीतली घाण नदीत नेऊन टाकतं."

बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सिमेंटची टूम त्यांचीच ना! ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी अंगण गुळगुळीत करून घेतलं, आणि ते बघून वरच्या सगळ्या कारखानदारांनी तेच केलं.

"मग काय, फोडू सगळं? पुन्हा धूळ खाऊ?" ते उखडले.

"सगळं नको हो. उताराला आडवे चर पाडा. मध्ये शोषखड्डा घ्या (पाणी मुरावं म्हणून खडी-वाळू भरलेला खड्डा). खडीची धूळ उडत नाही. काठाला गवत लावा, ते पाण्याचा वेग मोडतं, गाळही अडवतं. रंगाचे ब्रश मात्र बादलीत धुवा. रंग मातीत मुरवायचा नाही."

"पण आपलं एकट्याचं फोडून काय होणार?" शाल्मली म्हणाली. "पाणी तर वरून येतंय."

बाबांनी कधी माघार घेतलेली शाल्मलीने पाहिली नव्हती. पण बाबांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि अंगणाच्या मधोमध हाणली. ठण्ण! मग तीच पहार खांद्यावर टाकून ते वरच्या वत्सलाकाकूंच्या दारात गेले.

"काकू, माझं बघून सिमेंट घातलंत ना? चुकलं माझं. चला, मी फोडून देतो."

काकू आधी फणकारल्या, मग हसल्या. त्यानंतर आठवडाभर गल्लीत नुसती ठणठण चालली होती.

आणि मग पाऊस आला. कसला म्हणता! कौलं फुटतील असा. शाल्मली जीव मुठीत धरून उंबऱ्यात उभी राहिली. वरच्या अंगणांमधल्या चरांत पाणी बुडबुडत जमिनीत मुरत होतं. गल्लीतून एक बारीक ओहोळ आला, उंबऱ्यापर्यंत पोचलाच नाही, निमूट गटाराकडे वळला. आत एकाही मूर्तीला थेंब लागला नाही.

"मागच्या सरीपेक्षा आज जास्त पडलाय बरं का!" खेकडा ओरडला. शाल्मलीने आनंदाने बाबांना मिठीच मारली.

बाबा मात्र पलीकडे बाजाराकडे बघत होते. तिथे अजून गुडघाभर पाणी होतं.

"तिथेही सगळं सिमेंटच," खेकडा म्हणाला. "मी कधीचा सांगतोय, पण यंत्राचं ऐकतंय कोण!"

"माझं ऐकतील," बाबा म्हणाले. "या गावात पहिलं अंगण सिमेंटने मीच बुजवलं. शाल्मली, छत्री घे, चल."